चुका फार कमी आहेत

प्रिय भिंगरी,

अक्षर ओळखलंस ना? बिचकू नकोस. हात तुझ्या बापाचा, तोंड माझं. आजी या वयात लिहायला शिकली असं समजून कुणाला कौतुकानं सांगत सुटू नकोस. शिकले असते तर मग वाचावंही लागलं असतं, आणि लोक जे काय लिहून ठेवतात ते नुसतं ऐकूनच मी थकते. तशी हल्ली मी कशानंही थकते. सकाळी खाटेवरून खुर्चीपर्यंत आले की वाटतं, चला, आजचा दिवस झाला. तू शिकवलेला गुडघ्यांचा व्यायाम मी रोज करते, पण मनातल्या मनात. तू तिकडे दवाखान्यात दिवसभर परक्यांचे गुडघे वाकवतेस, त्यातल्या कुणा म्हातारीला माझ्या वाटचे दोन जास्त वाकवायला सांग.

पत्राच्या अटी आधी सांगते, म्हणजे पुढे तुला कोडं पडायला नको. मी बोलेन तेच त्यानं लिहायचं, सुधारायचं नाही, ही एक. आणि पाकीट बंद करायच्या आधी पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे जाणार, त्या मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवणार. यानं एखादं वाक्य गिळलं तर मला तिथल्या तिथे कळेल. यावर तो म्हणाला, आई, माझ्यावर एवढाही विश्वास नाही का? म्हटलं, तुझ्यावर आहे रे, तुझ्या पेनावर नाही. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत बसून ज्या पेनानं दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली, ते माझ्या वाकड्या वाक्यांना सोडेल होय? आत्तासुद्धा बघ, तो थांबून माझ्याकडे बघतोय. त्याच्या मते मी हे एका वाक्यात सांगू शकले असते. लिही, म्हणते.

बातम्या फारशा नाहीत. जिन्यातला दिवा गेलाय, तो कुणी बदलायचा यावर दोन मजल्यांचं एकमत होत नाही, म्हणून आम्ही सगळे भिंतीला हात लावत चढतो. नळ गळतो. तुझा बाप रोज म्हणतो, उद्या बघतो. त्याच्याकडे बघितलं की वाटतं, नळापेक्षा हाच जास्त गळालाय. तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तेव्हापासून या घरात आम्ही तिघं होतो, तू नोकरीला तिकडे गेल्यावर दोघं उरलो, आणि दोघांत बोलणारी मी एकटी. छापखान्यातून घरी बसल्यापासून महिन्याला दोनतीन पुस्तकं त्याच्याकडे तपासायला येतात, ती त्या कॉम्प्युटरवरच येतात. तेवढं करतो आणि मग खिडकीत उभा राहतो. समोरच्या इमारतीत बघण्यासारखं काही नाही, माझं बघून झालंय. कॉम्प्युटर मात्र ठणठणीत आहे. घरात सगळ्यात धडधाकट तोच. त्याचंच सांगायला बसलेय.

गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी दहा वाजता तुझा फोन यायचा, तो त्या यंत्रासाठी. कधी त्याचा आवाज बंद, कधी प्रिंटर कागद ओढेना, कधी अक्षरं मोठी होऊन पडद्याबाहेर सांडलेली. हा फोन टेबलावर ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि शाळेत बसावं तसा ताठ बसायचा. तू विचारायचीस, खाली डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय? हा म्हणायचा, निळा चौकोन. त्यावर दाबा. दाबलं. आता काय आलं? यादी आली. तास तास हे चालायचं. मी बाजूला मटार सोलत बसायचे आणि मनात म्हणायचे, जगात बापलेकी भांडतात, रडतात, एकमेकांना टोमणे मारतात, आणि आमच्याकडचे दोघं चौकोनावर दाबतात. कशी आहेस नाही, जेवलात का नाही. पण तुझा आवाज तासभर या खोलीत असायचा. तुला कल्पना नसेल, त्या दिवशी हा इस्त्रीचा शर्ट घालायचा. फोनवर शर्ट दिसत नाही, असं मी त्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे.

मग तूच म्हणालीस, की असं दर वेळी विचारत बसण्यापेक्षा कॉम्प्युटरची आवृत्तीच बदलू. आत्ता जी आहे ती घरगुती आवृत्ती, तिचं दार बाहेरून उघडत नाही. दुसरी मिळते ती कामकाजाची, ती घातली की मी इथूनच आत येऊन सगळं नीट करीन, तुम्हाला काही करायला नको. तुझा हेतू चांगला होता ते मला कळतं. माझ्या वयाच्या बाईला ‘तुम्हाला काही करायला नको’ या बोलण्याची धास्ती वाटते, एवढंच. आणि गंमत बघ, जिचं नाव घरगुती ती घरच्या माणसाला बाहेरून आत घेत नाही, आणि जी कचेऱ्यांसाठी केलीय ती घेते. ही नावं ठेवणाऱ्याला घर होतं की नाही कोण जाणे. तुझ्या बापाचा प्रश्न वेगळाच. त्याला आवृत्ती म्हणजे पुस्तकाची माहीत. तो तुला म्हणाला, पहिलीत काय चुका होत्या, ज्या दुसरीत दुरुस्त केल्या? तू म्हणालीस, चुका नव्हत्या बाबा, नुसती जास्तीची सोय आहे. हे काही त्याला पटलं नाही. चुका नसताना कुणी नवी आवृत्ती काढतं, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

नव्या आवृत्तीचं कुलूप उघडायची त्या रविवारची किल्ली तुला आठवत असेल. पंचवीस अक्षरं नि आकडे, पाचापाचांचे पाच घोस. तू विकत घेतलीस, फोनवर एकेक करून सांगितलीस, आणि यानं एका बोटानं एकेक दाबलं. चुकलं. पुन्हा सांगितलीस. पुन्हा चुकलं. चार वेळा, भिंगरी, चार वेळा, आणि दर वेळी निराळ्या जागी. आता ज्या माणसाच्या नजरेतून छत्तीस वर्षांत एक साधं टिंब सुटलं नाही, छापखान्याचे मालक ज्याच्याकडे स्वतःचं मृत्युपत्र तपासायला घेऊन आले होते, त्याला पंचवीस अक्षरं धड टिपता येऊ नयेत? मी काही म्हणत नाही. मला अक्षर ओळखता येत नाही, मी कोण म्हणणार? मी फक्त एवढं पाहिलं, की तिसऱ्या खेपेला तू हसलीस. बाबा, तुम्ही माझी परीक्षा बघताय का, असं म्हणालीस आणि हसलीस, आणि याचे कान लाल झाले. दोन वर्षांत या घरात ऐकलेलं तुझं ते पहिलं हसू. चौथ्या खेपेला तू विचारलंस, चष्म्याचा नंबर वाढलाय का, खुर्ची फार खाली नाही ना, पाणी प्यायलात का. पाचव्या खेपेला किल्ली लागली. हा म्हणाला, लागली. गाडी चुकलेली माणसं त्या आवाजात बोलतात. इथे पेन थांबलंय. मी वाट बघते. मला कुठे जायचंय?

मग कॉम्प्युटर कामाला लागला. पडद्यावर ठिपक्यांचं एक कडं गोल गोल फिरत राहिलं आणि खाली आकडा चढत राहिला. आकडे मला कळतात, तेवढेच कळतात. चौसष्टवर जे अडलं ते अडलंच. तू सांगितलं होतंस, काही पुसलं जाणार नाही, सगळं जागच्या जागी राहील. तरी यानं सुरू करायच्या आधी पेनड्राइव्ह लावून काहीतरी काढून घेतलं होतं, आणि तो पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात घालून वर हात ठेवून बसला होता. मी घाबरले. म्हटलं, छातीत दुखतंय का? म्हणाला, नाही. मग काय आहे खिशात? म्हणाला, एक फाइल आहे. फोटो का? नाही. छापखान्याची पुस्तकं? नाही. एकच फाइल आहे, आई, तू मटार सोल. ती कुठली ते पुढे सांगते, कारण आत्ता हा माझ्याकडे ज्या नजरेनं बघतोय त्या नजरेत उठून जायची तयारी दिसतेय.

आवृत्ती बदलली. पुढच्या रविवारी दहा वाजता हा शर्ट घालून बसला. फोन वाजला नाही. पाच मिनिटांनी पडदा आपोआप मिटला आणि त्याच्यावर घड्याळ आणि कुठल्याशा तळ्याचं चित्र आलं. हा म्हणाला, ती आत आलीय. तू आत असलीस की इथल्या माणसाला काही दिसत नाही, यंत्र त्याला बाहेर काढून कुलूप लावतं, हे तू त्याला आधी सांगितलं होतंस म्हणे. मला नव्हतं सांगितलं. मला एवढंच दिसलं, की पोर घरी आली आणि बाप उंबऱ्याबाहेर बसलाय. माउसला त्यानं हातही लावला नाही. तुला अडथळा नको म्हणाला. वीस मिनिटं आम्ही दोघं त्या तळ्याकडे बघत बसलो. मग त्यानं उघडून बघितलं. सगळं कसं लख्ख, जिथल्या तिथे, आणि एका कोपऱ्यात तू ठेवलेली चिठ्ठी: झालं, आता हळू चालणार नाही. ती त्यानं मला दोनदा वाचून दाखवली. पाच शब्द दोनदा वाचले की दहा होतात, असं त्याला वाटलं असावं. पुढच्या रविवारी तीच गत, त्याच्या पुढच्या रविवारीही. आता तर कॉम्प्युटर इतका निरोगी झालाय की तुला दर आठवड्याला यावंही लागत नाही. कधी येऊन गेलीस ते याला चिठ्ठीवरून कळतं. शर्ट मात्र तो दर रविवारी घालतो.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुझं पुस्तक. तुझ्याकडे पुन्हा चालायला शिकायला येणाऱ्या माणसांवर तू लिहिलेली दोनशे दहा पानं. दोन वर्षांपूर्वी तू ती बापाकडे पाठवलीस, आणि तीन आठवड्यांनी त्यानं ती कागदावर छापून, तांबड्या खुणा करून परत धाडली. सोबत एक ओळ नाही. तू तेव्हा मला फोनवर म्हणालीस, आजी, त्यांना त्यातलं एक वाक्यसुद्धा आवडलं नाही. ते बाड तू कपाटात टाकलंस, अजून कुणाला छापायला दिलं नाहीस, आणि त्या दिवसापासून बापाशी चौकोन नि यादी सोडून काही बोलली नाहीस. मला म्हणालीस, त्यांना सांगू नकोस. मी सांगितलं नाही. दोन वर्षं पोटात ठेवलं, आणि या वयात पोटात जागा ती किती असते? आज सांगितलं. आत्ता, ही चार वाक्यं बोलताना. त्याला माहीत नव्हतं गं. त्याला वाटत होतं, तू कामात बुडालीयस. तो पेन ठेवून उठला, आत गेला, नळ बराच वेळ सोडून ठेवला, आणि तोंड पुसत परत आला. आता पुन्हा बसलाय. लिही बाबा. शिंपीणबाई वाचणार आहेत.

आता तुला जे माहीत नाही ते ऐक. तुझं पुस्तक त्यानं तीनदा वाचलं. एकदा एकट्यानं, एकदा पेन घेऊन, आणि एकदा मला मोठ्यानं, रोज दुपारी जेवणं झाल्यावर. माझ्या झोपेची वेळ ती, तरी मी झोपले नाही, यावरून काय ते समज. त्या माडीवरून पडलेल्या सुताराचं पान आलं. तो दवाखान्यातल्या सरावाच्या खोट्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहतो, मागे वळून बघतो आणि म्हणतो, चढलो खरा, उतरायचं कसं ते कुणी शिकवलंच नाही. तिथे हा वाचायचा थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि त्याच पानावर एक स्वल्पविराम दिला. मी विचारलं, कसं आहे रे? तो म्हणाला, चुका फार कमी आहेत. भिंगरी, मी या माणसाची आई आहे. मोठमोठ्या लेखकांची पुस्तकं या टेबलावरून गेली, पण हे वाक्य मी त्याच्या तोंडून ना आधी ऐकलं ना नंतर. म्हटलं, मग ते वर लिही की. तर म्हणाला, त्याला खूण नाही. काढून टाका, याची खूण आहे. इथे घाला, याची आहे. जोडा, तोडा, जागा सोडा, सगळ्यांच्या आहेत. चांगलं आहे, याची नाही. तपासणाऱ्यानं ते सांगायचं नसतं, ते त्याचं काम नव्हे. खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये काय होतं ते आता तुला वेगळं सांगायला नको.

त्याच्यावर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागव. बऱ्याच दिवसांत माझ्यावर कुणी रागावलेलं नाही, जरा जिवंत वाटेल. हा शाळेतून वही घेऊन यायचा आणि माझ्यापुढे धरायचा. आत काय लिहिलंय ते मला कुठलं कळायला? निबंध असो की कविता, मला सगळी मुंग्यांची रांग. दिसायच्या त्या फक्त मास्तरांच्या तांबड्या खुणा. त्या मी बोट ठेवून मोजायचे आणि म्हणायचे, आज सात, काल पाच होत्या. आणि ज्या दिवशी एकही नसायची, त्या दिवशी वही मिटून परत द्यायचे नि म्हणायचे, जा, हात धुऊन ये. तो जरा वेळ तसाच उभा राहायचा. कशासाठी उभा राहतो ते मला कळायचं नाही, कारण माझ्या चुलीवर काहीतरी उतू जात असायचं. दुसरी आई वाचून शाबास म्हणाली असती. मी मोजत राहिले, आणि पोरगा असा मोठा झाला की त्याला वाटतं, जीव लावणं म्हणजे चुका शोधणं. तुझ्या दोनशे दहा पानांवर त्यानं जेवढ्या खुणा केल्या तेवढ्या मी कुठल्याच पुस्तकावर पाहिल्या नाहीत, चुका कमी असून. काही काही ठिकाणी तर वाक्य बरोबरच होतं, हे त्यानं आत्ता कबूल केलं. सोडवेना म्हणे, म्हणून काहीतरी करत राहिलो. हे सगळं मी त्याला कधी बोलले नव्हते. आज तुला सांगायच्या निमित्तानं बोलले, आणि तो मान खाली घालून सगळं उतरवून घेतोय, एक शब्द न बदलता. दमले मी. तोही दमलाय. पाणी पितो आम्ही.

तर हे पत्र कशाला, ते सांगते. फोन मलाही करता येतो, शिंपीणबाई लावून देतात. पण फोनवर बोलले असते तर ते तुझ्यामाझ्यात राहिलं असतं आणि हा खिडकीत उभा राहिला असता. मला लिहितावाचता येत नाही याचा जन्मभर ताप झाला, आता शेवटी शेवटी त्याचा उपयोग दिसायला लागलाय. तू मला पत्र लिही. कागदावर, पाकिटात घालून, माझ्या नावानं. ते मला वाचून कोण दाखवणार? हाच. इथे बसून, मोठ्यानं, तुझा शब्द न् शब्द याला स्वतःच्या तोंडानं म्हणावा लागेल. आणि माझं उत्तर कोण लिहिणार? पुन्हा हाच. तू राग लिहिलास तर तो राग याच्या तोंडून बाहेर पडेल, माया लिहिलीस तर तीही. तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलवत नाही ना, मग माझ्याशी बोला. मी मधे बसते. एखादं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं तर ऐकू आलं नाही म्हणेन आणि पुन्हा वाचायला लावीन. शिंपीणबाईंना मी सांगून टाकलंय, हे एवढं पत्र वाचून द्या, पुढची आमची आम्ही बघू. पुस्तक छापायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण ठरवायच्या आधी मला एकदा पत्रातून विचार, कसं होतं म्हणून. मला काय कळतंय पुस्तकातलं? मी माझ्या लिहिणाऱ्याला विचारीन, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच हातानं तुला कळवीन. फार दिवस लावू नकोस, मी काही कायमची इथे बसलेली नाही. आत्ता यानं लिहिता लिहिता मान वर करून विचारलं, तिकडून टपाल यायला किती दिवस लागतात? म्हटलं, हेही लिही.

तुझीच,
मधे बसलेली आजी